पौर्णिमा समाप्ती रात्री 11.38

2024 ची कोजागरी 16 ऑक्टोबरला होती. सोसायटीच्या गच्चीवर रीतसर दूध आटलं, केशर-चारोळी पडली, बाराच्या आसपास पेले फिरले आणि एकच्या आत सगळे जांभया देत खाली गेले. 'कोण जागतंय' असं विचारायला लक्ष्मी आली असेल तर तिला आमच्या गच्चीवर फक्त रिकामं पातेलं दिसलं असणार. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पूर्वेकडच्या बांधकामाच्या क्रेनशेजारून चंद्र वर आला तो चांगला गरगरीत, तांबूस. टीव्हीवर बातमी सुरू होती, वर्षातला सगळ्यात जवळचा पूर्णचंद्र आज. सोसायटीच्या ग्रुपवर लगेच मेसेज पडला : 'अहो, मग आपण काल काय केलं?'

पुढे तासभर ग्रुप पेटला होता. कॅलेंडर चुकलं, असं एकाचं म्हणणं. दुसऱ्याचं म्हणणं, अमेरिकेतली पौर्णिमा आपल्याकडे एक दिवस उशिरा पोचते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी 'दूध काय, परत आटवू' असा तोडगा काढला आणि बहुमत त्यांच्या बाजूने गेलं. मला मात्र त्या भांडणातला मूळ प्रश्न आवडला. चंद्र नक्की भरतो कधी? आणि आपण ज्या रात्रीला पौर्णिमा म्हणतो तिचा त्या भरण्याशी संबंध किती?

पंचांगाचं गणित तसं सरळ आहे. आकाशात चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी पुरी होते. अमावास्या संपते तेव्हा दोघांत अंतर शून्य. तिथून चौदा तिथ्या उलटल्या की अंतर 168 अंश होतं आणि पंधरावी तिथी, म्हणजे पौर्णिमा, लागते. ती चालते अंतर 180 अंश होईपर्यंत. चंद्र सूर्याच्या बरोब्बर समोर आला की त्याच क्षणी पौर्णिमा संपून वद्य प्रतिपदा सुरू होते. म्हणजे कॅलेंडरवर छापलेली पौर्णिमा ही चंद्र भरत आणायची तिथी. तो भरला की तिचं काम संपलं.

त्या वर्षी आश्विन पौर्णिमा लागली 16 तारखेला रात्री 8.40 ला आणि संपली 17 ला दुपारी 4.55 ला. कोजागरीला मध्यरात्री पौर्णिमा असावी लागते. ती मध्यरात्र 16 चीच होती, 17 च्या मध्यरात्री प्रतिपदा लागून सात तास झाले होते. म्हणून कोजागरी 16 ला, आणि सूर्योदयाला पौर्णिमा 17 ला होती म्हणून नवान्न पौर्णिमा 17 ला. आमच्याकडे त्या दिवशी थोरल्या अपत्याला ओवाळतात, आश्विनी म्हणतात. मी थोरली, त्यामुळे मला आयतेच दोन दिवस सण मिळाला. कॅलेंडर चुकलं नव्हतं, अमेरिकेचाही काही दोष नव्हता. 17 च्या संध्याकाळी क्रेनशेजारून आलेला तो देखणा चंद्र पंचांगाच्या हिशोबाने प्रतिपदेचा होता, इतकंच.

आणखी एक बारीक गोष्ट. ती तिथी जेमतेम सव्वावीस तासांची होती, कारण चंद्र पृथ्वीजवळ, सुमारे 3 लाख 57 हजार किलोमीटरवर होता. एरवीचं सरासरी अंतर 3 लाख 84 हजार. जवळ आला की तो पळतो जोरात, बारा अंश भराभर कापतो आणि तिथी आखूड होते. लांब असला की रेंगाळतो आणि तीच तिथी सव्वीस तासांपर्यंत लांबते. ज्याला हल्ली सुपरमून म्हणतात त्याची पौर्णिमा नेहमी अशी घाईची. हा 'सुपरमून' शब्दही खगोलशास्त्रज्ञांचा नव्हे बरं, 1979 साली रिचर्ड नोल नावाच्या अमेरिकन ज्योतिषाने काढलेला आहे. आपले वृत्तवाचक तो वैज्ञानिक चमत्कार म्हणून वाचतात तेव्हा मला हसू येतं.

राहिला प्रश्न डोळ्यांचा. 16 च्या मध्यरात्री चंद्रबिंबाचा 99 टक्क्यांहून जास्त भाग उजळलेला होता. जो काही उरला होता तो दुर्बिणीशिवाय कुणाला ओळखता आला नसता. त्यामुळे दुधात जो पडला तो चंद्र भरलेलाच होता, असं म्हणायला माझी हरकत नाही.

पण प्रत्येकाचं काम 'साधारण भरलेल्या' चंद्रावर भागत नाही. माझं आजोळ अलिबागचं. मामाच्या घरामागच्या वाडीत उभं राहिलं की समुद्र ऐकू येतो, आणि तिथे पौर्णिमेकडे कुणी वर मान करून बघत नाही, पाण्याकडे बघतात. मामाच्या शेजारी एक नाखवा राहायचे. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, आज भरती किती वाजता? त्यांनी उलट मलाच विचारलं, 'आज तिथ कुठली?' मी म्हटलं, अष्टमी. 'मग पाऊणपट कर गो. आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती.' किनाऱ्यावर हा हिशोब लहान पोरांनाही येतो. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, पूर्ण भरतीची वेळ हातात. पौर्णिमेचे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दुपारी सव्वाअकरा-बाराच्या सुमाराला एक भरती आणि रात्री त्याच वेळी दुसरी. वद्य पक्षात परत एकपासून मोजायचं, त्यामुळे अमावास्येलाही तेच.

यामागचं कारण नाखव्यांना ठाऊक होतं की नाही ते मी कधी विचारलं नाही, पण हिशोब पक्का आहे. भरतीची वेळ रोज पाऊण तास-पन्नास मिनिटांनी पुढे जाते, कारण चंद्र रोज तेवढा उशिरा माथ्यावर येतो. पौर्णिमेला आणि अमावास्येला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकवटते आणि पाणी जास्त चढतं, तसंच जास्त उतरतं. हे उधाण. अष्टमीच्या आसपास दोघं काटकोनात ओढतात, पाणी धड चढत नाही की उतरत नाही. तो भांग. अलिबागसमोर समुद्रात असलेल्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जायचं असेल तर हे सगळं पाठ असावं लागतं. पौर्णिमेला भर दुपारी किनाऱ्यावर पोचलेले पुण्या-मुंबईचे पाहुणे मधल्या पाण्याकडे बघत उभे राहतात आणि टांगेवाल्याला विचारतात, 'पाणी कधी जाणार?' पाणी संध्याकाळी सहाच्या सुमाराला जाणार असतं. अष्टमीला आले असते तर दुपारी बाराला ओहोटी सापडली असती.

आणि समुद्राची पौर्णिमा आकाशातल्या पौर्णिमेच्या दिवशी नसतेच. सगळ्यात मोठं पाणी येतं तिच्यानंतर एक-दोन दिवसांनी. एवढा मोठा समुद्र हलायला वेळ लागतो. पुनवेला होडी निर्धास्त वर ओढून ठेवलेला माणूस दुजेला फसू शकतो, हे कोळीवाड्यात सांगावं लागत नाही. मुंबई महापालिका पावसाळ्यापूर्वी साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांची यादी काढते, तीत बघा, तारखा अमावास्या-पौर्णिमेला चिकटून, पण बहुधा किंचित पुढे घसरलेल्या सापडतील. त्या वेळी जोराचा पाऊस आला तर गटारांचं पाणी समुद्रात जाऊ शकत नाही, उलट समुद्रच आत येऊ बघतो. दादर-हिंदमाताला गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला पौर्णिमेची आठवण होत नसेल, पण त्याच्या चपला भिजवण्यात तिचा वाटा असतो.

नारळी पौर्णिमेचं काय झालंय तेही सांगायला हवं. पूर्वी दर्याला सोन्याचा नारळ वाहिल्याशिवाय होडी पाण्यात जात नसे. आता यांत्रिक बोटींवरची सरकारी मासेमारीबंदी 1 जून ते 31 जुलै अशी इंग्रजी तारखेने असते. तारीख सूर्याची, पौर्णिमा चंद्राची, दोघांचं वर्षाला अकरा दिवसांनी बिनसतं. 2023 ला श्रावण अधिक आला आणि नारळी पौर्णिमा गेली थेट 30 ऑगस्टला, म्हणजे बंदी उठल्यावर पुरा महिना उलटून. महिनाभर कोण थांबणार? जाळी, बर्फ, खलाशी सगळं तयार. मामाच्या शेजारच्या त्याच घरातला आताचा नाखवा म्हणाला, 'डिझेलची उधारी पुनव बघत नाय, ताई.' बोट 1 ऑगस्टलाच गेली. नारळ मात्र 30 तारखेलाच पडला, वाजतगाजत, सगळं घर नटूनथटून. मला यात काही विसंगत वाटत नाही. पोटाची वेळ एक, दर्याला हात जोडायची वेळ दुसरी.

समुद्रापासून दूर, पार दुसऱ्या टोकाला, मेळघाटात पौर्णिमेचा आणखी एक उपयोग मी पाहिला. बुद्ध पौर्णिमेला तिथे, ताडोब्यात आणि इतरही जंगलांत लोकांना पाणवठ्याकाठच्या मचाणावर रात्रभर बसू देतात. एके काळी याला प्राणीगणना म्हणत. एकच अस्वल तीनदा पाणी प्यायला आलं तर तीन अस्वलं मोजली जायची, त्यामुळे मोजणीचं काम आता कॅमेऱ्यांकडे गेलं आणि मचाणाच्या रात्रीला 'निसर्गानुभव' असं नाव मिळालं. नाव सरकारी असलं तरी प्रामाणिक आहे. वैशाखातच का, तर नाले आटलेले, पाणवठे मोजके, सागाची पानं गळून गेलेली, आणि वरून उजेड. वर्षातली दुसरी कुठलीही रात्र इतकी सोयीची नाही.

मचाणावर माझ्यासोबत एक कोरकू वनमजूर होते. गळ्यात लाल गमछा. दिवस मावळताना तो लालभडक दिसत होता. चंद्र झाडांच्या वर आला, पाणवठ्याकाठचा दगड न् दगड मोजता येईल इतकं लख्ख दिसू लागलं, आणि माझ्या लक्षात आलं की गमछा काळा झालाय. हिरवं काही उरलं नव्हतं, मातीचा तांबडेपणा नव्हता. चांदण्यात आपल्या डोळ्यांच्या रंग ओळखणाऱ्या पेशी जवळपास कामच करत नाहीत, मुख्यतः उजेड-अंधार कळणाऱ्या करतात. त्यांत लाल रंग सगळ्यात आधी बुडतो. चांदण्यात सगळं 'स्वच्छ दिसलं' असं आपण सांगतो, पण दिसलेलं असतं ते बिनरंगी.

दहाच्या पुढे कधीतरी समोरच्या काळोखातून चार पांढरे मोजे चालत आले. नुसते मोजे. त्यांच्यावर काय आहे ते पहिल्यांदा कळेचना. मग पाण्याच्या कडेला आल्यावर वरचा तो प्रचंड काळा ऐवज उलगडला, रानगवा. त्याच्या पायांचा खालचा भाग पांढरा असतो हे पुस्तकात वाचलं होतं, पण दिवसा बघताना नजर शिंगांवर आणि खांद्यावर जाते. मागून आणखी मोजे आले, त्यांत दोन छोटे. वनमजूर पुटपुटले, 'हलू नका ताई.' मी हलण्याच्या स्थितीत नव्हतेच. पाणी ओढण्याचा आवाज मात्र असा की गोठ्यातल्या म्हशी आठवाव्यात.

पहाटे मी त्यांना म्हटलं, ससा एकही नाही दिसला. ते म्हणाले, 'ससा पुनवेला कशाला मरायला येईल? तो अंधाऱ्या पक्षात येतो.' हे मला नवीन होतं. आपण चांदण्याकडे बघतो ते दिवा म्हणून. सशाला ते उघडं पडणं आहे. छोटे प्राणी भर चांदण्यात मोकळ्यावर यायला कचरतात, हे प्राण्यांचा अभ्यास करणारेही सांगतात. म्हणजे ज्या रात्री आम्ही जनावरं बघायला मचाणावर चढलो, त्याच रात्री निम्मं जंगल आमच्यापासून लपून बसलं होतं.

या उजेडाचा हिशोब मला फार मनोरंजक वाटतो. अष्टमीचा चंद्र अर्धा असतो, पण त्याचा उजेड पौर्णिमेच्या निम्मा नसतो, जेमतेम दहावा हिस्सा असतो. कारण अष्टमीला ऊन चंद्रावर तिरपं पडतं, तिथल्या विवरांच्या आणि खडेमातीच्या सावल्या आपल्याला दिसतात आणि उजेड खातात. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीशी, चंद्रावरची प्रत्येक सावली आपापल्या दगडामागे दडते, आणि सगळा उजेड सरळ आपल्याकडे परततो. खरं तर चंद्राची माती काळपट आहे, अंगावर पडलेल्या उजेडापैकी 12 टक्क्यांच्या आसपासच परत फेकते. कवींनी त्याला चांदीचा केला तो भोवतालच्या काळोखाच्या जोरावर.

चतुर्दशी, पौर्णिमा, प्रतिपदा या दोन-तीन रात्री दिवा न घेता वाट दिसते, म्हणून तर आपल्याकडच्या एवढ्या जत्रा पुनवेला आल्या असाव्यात. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या चढतात, सप्तशृंगगडावरही चैत्री पौर्णिमेलाच गर्दी, पौषातल्या शाकंभरी पौर्णिमेला मांढरदेवीची यात्रा. बैलगाड्या रात्रीच्या गारव्यात निघायच्या, पायी येणारे रात्रभर चालायचे. देव त्या दिवशी प्रसन्न असतो हे खरंच, पण वाटेवरचा साप दिसतो हेही खरं. विजेचे खांब आले, एसटी आली, आणि जत्रेच्या तिथीमागचं निम्मं कारण गळून पडलं. कारण गेलं तरी तिथी राहिली. श्रीलंकेत तर दर पौर्णिमेला देशभर सुट्टी असते, पोया म्हणतात. आपल्याकडे बाराही पौर्णिमांना सुट्टी दिली तर पहिलं स्वागत मी करीन.

बारा पौर्णिमांवरून आठवलं. दर महिन्याला व्हॉट्सअ‍ॅपवर कुठल्या कुठल्या 'मून'चे फोटो येतात. जूनमधला स्ट्रॉबेरी मून. ही नावं उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या ऋतूंवरून आलेली, तिथे ती शोभतात. आपल्याकडे जूनपर्यंत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी केव्हाच संपलेली असते आणि चंद्र ढगाआड असतो. आपल्या पौर्णिमांची नावं काय कमी आहेत? शिवाय नुसती नावं नाहीत, पत्ते आहेत. ज्या नक्षत्राच्या आसपास चंद्र पूर्ण होतो त्या नक्षत्रावरून महिन्याचं नाव. चित्रेजवळ भरला तो चैत्र, विशाखेजवळ वैशाख, मघेजवळ माघ. पडताळून बघायचं असेल तर त्रिपुरारी पौर्णिमेला दीपमाळा बघून झाल्यावर गच्चीत या. ढग नसतील, गार वारा असेल, आणि चंद्राच्या आसपास हाताने उजेड आडवून बघितलंत तर कृत्तिकांचा तो दाटीवाटीचा पुंजका सापडेल. कृत्तिका म्हणून कार्तिक. एखाद्या वर्षी चंद्र थोडा अलीकडे-पलीकडे असतो, पण फार लांब जात नाही.

आणि मग महिनाभराने दत्तजयंतीच्या मध्यरात्री एकदा सावली बघा. मार्गशीर्षातला पूर्णचंद्र आपल्याकडे जवळजवळ डोक्यावर येतो, सावली पायाशी गोळा होते. आषाढातला मात्र दक्षिणेकडे कललेला असतो. सूर्य उन्हाळ्यात जिथून जातो तिथून हिवाळ्यातला पूर्णचंद्र जातो आणि उलट, कारण दोघं समोरासमोर असतात. गुरुपौर्णिमेचा चंद्र महाराष्ट्रात फारसा कुणी पाहिलेला नाही, तेव्हा हा कलही कुणाला ठाऊक नाही. गुरूचं दर्शन असंच दुर्मीळ, असं कीर्तनकार म्हणतील. मी म्हणेन, पाऊस.

अमावस-पुनवेला माणसं बिघडतात, कुणाच्या अंगात येतं, दवाखान्यात गर्दी वाढते, असं गावोगाव ऐकायला मिळतं, तसंच युरोप-अमेरिकेतही. आजवरच्या पाहण्यांत असा ठोस संबंध काही सापडलेला नाही. यापलीकडे त्यावर लिहायची माझी इच्छा नाही.

आता मुख्य गोष्टीकडे. चंद्र नक्की पूर्ण होतो तो क्षण बघायचा म्हटलं तर बघता येतो का? बहुतेक वेळा नाही. 17 ऑक्टोबर 2024 ला तो क्षण दुपारी पाचला पाच कमी असताना आला, तेव्हा चंद्र आपल्याकडे उगवलाही नव्हता. रात्री आला तरी पंचाईत असते. चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली आहे, त्यामुळे पौर्णिमेला तो पृथ्वीच्या सावलीच्या थोडा वरून किंवा थोडा खालून निसटतो. म्हणजेच तो सूर्याच्या अगदी नाकासमोर नसतो, आणि त्याच्या वरच्या नाहीतर खालच्या कडेची केसाएवढी कोर अंधारात राहते. ती कोरही उजळायची असेल तर त्याने पुरतं समोर यायला हवं. आणि पुरता समोर आला की मधे पृथ्वी येते, ग्रहण लागतं. तेव्हा शंभर टक्के उजळलेला चंद्र पृथ्वीवरून कुणालाच कधी दिसलेला नाही. एक तर तो किंचित कमी असतो, नाहीतर काळवंडलेला.

7 सप्टेंबर 2025 ला, भाद्रपद पौर्णिमेला, खग्रास चंद्रग्रहण होतं आणि मी अलिबागला मामाकडे होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. अनंत चतुर्दशी पौर्णिमेला लागूनच असते, म्हणजे थोरलं विसर्जन दरवर्षी उधाणातच होतं, हे कधी लक्षात आलंय का? त्या वर्षी लालबागच्या राजाचं विसर्जन भरतीने अडवलं आणि दुसऱ्या दिवशी रात्री नऊच्या सुमाराला, ग्रहण लागायच्या तासभर आधी झालं. मामा दिवसभर टीव्हीसमोर बसून होता आणि पुनःपुन्हा म्हणत होता, 'पाऊणपट करायला कुणी नव्हतं का रे तिथे?'

वेध दुपारीच लागले होते. मामीने पाण्याच्या हंड्यावर तुळशीपत्रं टाकली, जेवणं उन्हातच उरकली. ढग येत-जात होते. दहाच्या सुमाराला चंद्राचा एक कोपरा मळला, अकराला तो पुरता सावलीत गेला आणि विटकरी झाला. कॅलेंडरच्या चौकोनात बारीक अक्षरांत छापलं होतं, पौर्णिमा समाप्ती रात्री 11.38. ग्रहणमध्य होता 11.41 ला. दोन आकडे इतके शेजारी शेजारी का आहेत, हे मी मामाला समजावत होते. चंद्र समोर आला की तिथी संपते, आणि समोर आला की सावलीत मधोमध असतो. एकच गोष्ट दोन घड्याळांवर. वाडीच्या पलीकडे रात्रीची भरतीही त्याच सुमाराला पूर्ण होत होती, तीही याच हिशोबाने.

साडेबाराला चंद्राच्या कडेला पांढरी चमक आली, मग ती वाढत गेली. दीड वाजायच्या आत मोक्ष झाला, मामी उठून आंघोळीला गेली आणि अंगणात माडांच्या सावल्या परत पडल्या. मामा खुर्चीतून मान वर करून बराच वेळ बघत होता.

'म्हणजे आता पौर्णिमा नाही?'

'नाही. पावणेबाराच्या आतच संपली. आता प्रतिपदा. पितृपक्ष लागला.'

'आणि पौर्णिमा संपली तेव्हा हा काळा होता.'

'लाल होता.'

'तेच ते. आणि आता एवढा लख्ख आहे तर पौर्णिमा नाही.'

'कॅलेंडरप्रमाणे नाही.'

'कॅलेंडर गेलं उडत,' मामा म्हणाला आणि त्याने मोबाइल काढून चंद्राचा फोटो घेतला. फोटोत पांढरा ठिपका आला. तोच त्याने 'पौर्णिमेच्या शुभेच्छा' असं लिहून सगळ्या ग्रुपांवर टाकला.